कलम १०३ : मनोरुग्ण कैदी कोणाच्या हाती?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ रोजी. त्यातील मनोरुग्ण कैद्यांविषयीच्या कलमाचा आशय माझ्या शब्दांत मांडून त्यावर हे भाष्य.

पोटकलम १ : मनोरुग्ण कैद्याला योग्य आरोग्यसंस्थेत पाठवण्याचा आदेश असला, की दाखल करून घ्यायला तो पुरेसा.
पूर्वी वेड्यांची इस्पितळे तुरुंगांच्या महानिरीक्षकाखाली असत. १९१२ च्या कायद्यानंतर ती सिव्हिल सर्जनकडे आली. इस्पितळातला रुग्ण सुटला, तुरुंगातला मात्र जेलरच्याच ताब्यात राहिला. हे पोटकलम ते अपुरे काम पुढे नेते.

पहिले परंतुक : तुरुंगाच्याच वैद्यकीय विभागातील मनोरुग्ण कक्षात हलवले, तरी कलमाची पूर्तता झाली.
दिलेले इथे परत घेतले. कक्षाची किल्ली तुरुंगाकडेच राहते. ज्याच्या ताब्यात आहोत त्याच्याच आवारात आपल्याला ऐकू येणारे आवाज मोकळेपणाने सांगणे कोणाला जमेल?

दुसरे परंतुक : असा कक्ष नसेल, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या संस्थेत हलवता येईल.
‘येईल’, ‘हलवावे’ नव्हे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरहून इंदूरचे मानसिक रुग्णालय खंडव्यावरून सुमारे १८० किलोमीटर. ग्वाल्हेरचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. परवानगी, गाडी, पोलीस बंदोबस्त, सगळे जुळेपर्यंत माणूस बराकीतच. रावेर जवळ आहे, पण तिथे महाराष्ट्राचे मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि त्याची मंडळे. सीमेवरच्या मराठी घरांना हा अडसर नेमका कळतो.

पोटकलम ३ : तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाही, असा दाखला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला द्यावा.
साऱ्या कलमात मला हीच ओळ सर्वांत जास्त सलते. हेतू चांगला आहे : रुग्ण तुरुंगात राहूच नये. पण ‘किती आहेत’ हा प्रश्नच नाही. उत्तर आधीच लिहिलेले, सही तेवढी बाकी. ज्याला आजार दिसला त्या डॉक्टरला ही सही करता येत नाही. ज्याने पाहिलेच नाही त्याला सहज करता येते. इथे यादी मागायला हवी होती : लक्षणे केव्हा दिसली, कोणी तपासले, हलवायला किती दिवस लागले.

पोटकलम ४ : रुग्णाला तुरुंगातच का ठेवले, हे मंडळ भेट देऊन विचारू शकते.
मंडळावर न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर स्वतः हा आजार भोगलेल्यांना किंवा रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनाही जागा आहे. हा प्रश्न त्यांनीच विचारावा.

पोटकलम ५ : संस्थेने रुग्णाच्या प्रकृतीचा अहवाल दर सहा महिन्यांनी आदेश देणाऱ्याकडे पाठवावा.
हा अहवाल का महत्त्वाचा, ते यावरून कळावे : आसामात १९५१ साली पकडलेला एक कच्चा कैदी १९६७ मध्ये बरा ठरला आणि सुटला २००५ मध्ये.

पोटकलम ६ : प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसिक आरोग्यसंस्था सरकारने उभारावी.
इटलीने २००८ मध्ये कैद्यांची आरोग्यसेवा न्यायखात्याकडून काढून राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे दिली आणि २०१७ पर्यंत न्यायखात्याची मनोरुग्णालयेही बंद केली. आपण रुग्णालयच तुरुंगात नेतो, आणि तेही राज्यात एकाच ठिकाणी असले तरी कायद्याला पुरते. बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरच्या आईने तुरुंगातल्या मुलाच्या मुलाखतीला कुठवर जायचे, हे त्यात लिहिलेले नाही.