पुसदच्या गवतापासून शाळेच्या वहीपर्यंत

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापले आणि अटक ओढवून घेतली. वऱ्हाडाला ना समुद्र, ना मिठागर. म्हणून कायदेभंगाला इथे मिठाऐवजी जंगल निवडले गेले. ज्या गवतावर गावाची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्याला हात लावणे गुन्हा ठरले होते. यवतमाळच्या पोरांना निसर्ग कसा शिकवावा, याचा विचार या घटनेपासून सुरू करायला हवा. इथल्या माणसाचे जंगलाशी जुने नाते आहे, आणि तितकीच जुनी तक्रारही.

पुढे सात वर्षांनी, वर्धा नदीपलीकडच्या शेजारच्याच जिल्ह्यात, गांधीजींनी नई तालीम मांडली. शिक्षण हाताच्या कामातून व्हावे, हे तिचे सूत्र. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि पावसाळ्यातले वृक्षारोपण शाळांच्या अंगवळणी पडले. प्रभातफेरी, घोषणा, खड्डे, रोपे, फोटो. मात्र खड्डे खोदतानाचा उत्साह मे महिन्यात त्याच रोपाला पाणी घालण्यापर्यंत फार ठिकाणी टिकला नाही.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्यानंतर दहा वर्षांनी केंद्राची राष्ट्रीय हरित सेना आली. महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागाकडे सोपवली गेली. शाळेत एक गट, त्याचा एक प्रभारी शिक्षक, हाताशी थोडेसे अनुदान. मुले रोपवाटिका करतात, पाणवठे साफ करतात, दिंड्या काढतात. एवढ्या तुटपुंज्या बळावर काम उभे राहते ते त्या एका शिक्षकामुळे, आणि त्याची बदली झाली की बहुधा कामही थांबते.

यवतमाळचा प्रश्न मात्र रोपांपुरता नाही. पांढरकवडा आणि घाटंजी परिसरातले टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र अवघे १४८ चौरस किलोमीटर. तिथे वाघ वाढले, आणि तरुण वाघाला नवी हद्द शोधत बाहेर पडावेच लागते. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक नर वाघ, ज्याला पुढे 'वॉकर' म्हटले गेले, तेलंगणाची सीमा ओलांडून, शेतशिवारांतून वाट काढत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट नकाशावर उमटली. भूगोलाच्या तासाला याहून चांगला नकाशा कुठला?

त्याच्या आदल्याच वर्षी राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात 'अवनी' वाघीण गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. शहरांत तिच्यासाठी मोर्चे निघाले. गावांत माणसे शेतात जायला धजावत नव्हती. त्या गावांतल्या मुलांना 'वाघ वाचवा' असा फलक हाती देऊन भागणार नाही. शेळी राखायला कधी जायचे, पाऊलखूण कशी ओळखायची, जनावर मारले गेले तर भरपाईसाठी पंचनामा कोणाकडून करून घ्यायचा, हे त्यांच्या निसर्गप्रकल्पात आधी यायला हवे. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला बाप रात्र-रात्र जागलीला जातो, तेव्हा वन्यजीवप्रेमाची भाषा त्या घरातून तपासली जाते.

आणि कापूस. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून किडी खाऊन फवारणी कमी करायला हातभार लावू शकणारा शेतातला पक्षी हा इथे नुसता छंदाचा विषय राहिलेला नाही. कृषी विभाग पक्षिथांबे सुचवतो: बांबूचे किंवा काठीचे इंग्रजी 'टी'सारखे मचाण, हेक्टरी वीसेक. त्यावर कोतवाल बसतो, वेडा राघू बसतो, उघड्यावरच्या अळ्या आणि उडते किडे टिपतो. बोंडात दडलेली गुलाबी अळी त्यांच्या हाती लागत नाही, हेही मुलांना सांगावे. अर्धवट आशा दाखवली की शेतकरी बाप पुढच्या वेळी ऐकत नाही. शाळेने करावा असा हा प्रयोग आहे. खर्च जवळजवळ नाही, आणि वहीत पडणारी नोंद घरच्या पिकाशी जोडलेली.

२०२० मध्ये राज्य सरकारने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केला. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा तारीख डॉ. सलीम अलींच्या. अडचण एवढीच, की हे दिवस बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत येतात. शाळा बंद, पोरे वेचणीला. पण कोतवाल त्याच शेतात असतो, त्यामुळे सप्ताह शाळेच्या पटांगणात भरवण्याऐवजी सुट्टीला निघताना प्रत्येकाच्या हाती नोंदवही द्यावी आणि शाळा उघडल्यावर ती वर्गात वाचून घ्यावी.