चौकचा वाटाड्या आणि गाडीतला नकाशा

१८५० सालच्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम चौक गावी पडला होता. कर्जत-खालापूरचा हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. तंबूसमोर उभा असलेला डोंगर पाहून साहेब एका संध्याकाळी सहज चढू लागला आणि निम्म्यावरून परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याने बरोबर पिण्याचे पाणी घेतले, गावातला एक वाटाड्या घेतला, आणि आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या टेकडीलगतच्या घळीतून तो माथ्यावर पोचला. उतरताना रामबागेची वाट धरली. माथेरानचा ‘शोध’ लागला तो असा. ज्याने वाट दाखवली, त्याच्या दृष्टीने त्या दिवशी कोणताच शोध लागला नसणार, ही गोष्ट वेगळी.

ही हकिगत आठवायचे कारण असे की मागील वर्षी चौकजवळच्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असताना तिथले विज्ञानाचे शिक्षक मला म्हणाले, “सर, नवी गाडी घ्यायची म्हणतोय. रस्ता दाखवणारं यंत्र कंपनीकडूनच बसवलेली गाडी घेतली तर पन्नास-साठ हजार जास्त पडतात. फोनमध्ये ते फुकट मिळतं. मग जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे?” मी तेव्हा वेळ मारून नेली. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर इतिहासात थोडे मागे जावे लागते.

मॅलेटच्या वाटाड्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, आपण या घडीला कुठे उभे आहोत. दोन, आसपास काय आहे, कोणती घळ वर जाते आणि कोणती कड्यावर संपते. पहिल्या गोष्टीला आपण स्थान म्हणू, दुसरीला नकाशा. माणसाच्या डोक्यात ही दोन्ही एकत्रच नांदतात, म्हणून ती वेगळी आहेत हे चटकन लक्षात येत नाही. यंत्रात मात्र ती संपूर्णपणे वेगळी असतात. त्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांचे आयुष्य वेगळे आहे.

आधी स्थानाचे पाहू. चालत्या गाडीने आपले स्थान स्वतःच ओळखावे ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात चीनमध्ये मा च्युन नावाच्या कारागिराने एक रथ बनवला होता. गाडी कशीही वळवा, रथावरच्या बाहुल्याचा हात कायम दक्षिणेकडेच राही. त्यात लोहचुंबक नव्हता. वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, आणि या फरकावरून दातेरी चाके बाहुल्याला उलट दिशेने तेवढेच फिरवत. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक २.३६ मीटर जास्त चालते. नववीच्या मुलांना हा हिशेब वर्तुळाच्या परिघावरून फळ्यावर करता येईल, आणि मैदानात दोरी व चुना घेऊन तपासताही येईल.

पण या युक्तीत एक मोठी खोट आहे. समजा, एका चाकाचा परीघ दुसऱ्याहून फक्त एक सहस्रांशाने कमी आहे. चाकात हवा थोडी कमी भरली तरी असे होते. मग सरळ एक किलोमीटर गेल्यावर दोन चाकांच्या हिशेबात एक मीटरचा फरक पडेल, आणि यंत्र समजेल की गाडी सुमारे ३८ अंशांनी वळली! चौकहून खोपोलीला निघालेली गाडी या हिशेबाने कर्जतच्या रानात शिरेल. चाललेले अंतर आणि वळलेली दिशा जमा करत जायचे, या पद्धतीत चूकही जमाच होत जाते. समुद्रावरच्या खलाशांना हे शतकानुशतके माहीत होते, म्हणूनच तारे दिसले की ते हिशेब पुन्हा जुळवून घेत.

मोटार आल्यावर ही जुनी हौस परत जागी झाली. १९०९ मध्ये अमेरिकेत जोन्स नावाच्या गृहस्थाने ‘लाइव्ह मॅप’ विकायला काढला. कागदाची एक गोल चकती, तिच्यावर ठरावीक रस्त्याच्या सूचना क्रमाने छापलेल्या, आणि गाडीच्या चाकाला जोडलेल्या तारेने ती चकती फिरायची. काटा जिथे असेल तिथली सूचना वाचायची. रस्ता सोडून चहाला वळलात की चकती बिचारी पुढेच जाणार. रस्ता नवा झाला की चकतीही नवी विकत घ्यायची. नकाशा शिळा होतो आणि त्याचे पैसे पुन्हा द्यावे लागतात, हे दुखणे मोटारीइतकेच जुने म्हणायला हरकत नाही.

१९८१ मध्ये जपानमध्ये होंडा कंपनीने ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ हे यंत्र गाडीत बसवून दिले. हेलियम वायूच्या झोताचा उपयोग करून ते गाडीचे वळणे मोजत असे, चाकांवरून अंतर मोजत असे, आणि छोट्या पडद्यावर एक ठिपका सरकवत असे. पडद्यावर पारदर्शक नकाशा हाताने सरकवून बसवायचा. किंमत सुमारे ३ लाख येन, म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. तो फारसा खपला नाही यात नवल नाही.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत बुद्धिमान कल्पना १९८५ मधली आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘इटॅक’ कंपनीचे स्टॅन हनी हे मुळात शिडाच्या होड्या चालवणारे. पॅसिफिकमधल्या कॅरोलाइन बेटांवरचे नावाडी आपली होडी स्थिर आहे आणि बेटे मागे सरकत आहेत असे समजून दिशा ठरवतात. त्या पद्धतीचे नाव त्यांनी कंपनीला दिले, आणि पडद्यावरही तेच केले. गाडी मध्ये स्थिर, नकाशा तिच्याभोवती फिरतो. आजही आपल्या फोनवर हेच दिसते. पण खरी करामत पुढे आहे. मोटार साधारणतः रस्त्यावरूनच चालते, शेतातून नाही. मग हिशेबाने गाडी शेतात दिसू लागली तर चूक हिशेबाची आहे असे धरून ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून घ्यायचा! प्रत्येक वळणावर साचलेली चूक अशा रीतीने धुऊन निघते. इथे नकाशा स्थानाच्या मदतीला आला. नकाशा कॅसेटमध्ये असे, आणि एका कॅसेटमध्ये सुमारे साडेतीन मेगाबाइट माहिती मावे. आज फोनवर काढलेल्या एखाद्या फोटोलाही तेवढी जागा लागते.

मग उपग्रह आले. १९९० मध्ये माझदाच्या ‘युनोस कॉस्मो’ गाडीत उपग्रहांवरून स्थान ओळखणारे यंत्र कारखान्यातच बसवून मिळू लागले. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णत्वाने चालू झाली. मात्र नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात लष्कराने मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शके. २००० सालच्या मे महिन्यात ही भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत चूक दहा-वीस मीटरवर आली. (मुलांचा एक नेहमीचा गैरसमज वर्गात जरूर दूर करावा. उपग्रहाचा संकेत मिळायला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा आणि रहदारीची खबर मागवायला. नकाशा आधी उतरवून ठेवला तर माथेरानच्या पायथ्याशी ‘रेंज’ नसतानाही फोन आपले स्थान दाखवतो.)

यंत्राचे वय मोजताना एक गंमत सांगायलाच हवी. जीपीएसच्या संकेतात आठवड्याचा क्रमांक दहा द्विमान अंकांत लिहिलेला असतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. साधारण १९ वर्षे ७ महिने. ऑगस्ट १९९९ मध्ये ती पहिल्यांदा शून्यावर आली तेव्हा जपानमधल्या गाड्यांत बसवलेले अनेक जुने संच एकाएकी निकामी झाले. २०१९ च्या एप्रिलमध्ये दुसरी खेप झाली. गाडी माणूस पंधरा-वीस वर्षे वापरतो. तिच्या छातीत घट्ट बसवलेले यंत्रही तितकेच टिकेल असे तो धरून चालतो. २०२२ मध्ये अमेरिकेत जुनी ३जी सेवा बंद झाली तेव्हा धडधाकट गाड्यांमधल्या जोडसेवाही अशाच मुक्या झाल्या. गाडीत काहीच बिघडलेले नव्हते.

आता आपल्याकडच्या नकाशांचे पाहू. भूगोलाच्या जुन्या शिक्षकांना आठवत असेल, सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे मिळवणे किती कठीण होते. सीमा आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे सर्वसामान्यांना मिळत नसत, आणि चौक त्या पट्ट्यातच येते. ज्या गावाच्या वाटाड्याने १८५० मध्ये साहेबाला वर नेले, त्या गावच्या शाळेला आपल्याच डोंगराचा नकाशा भिंतीवर लावता येत नव्हता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दार थोडे किलकिले झाले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ते बरेच उघडले. दरम्यान खासगी कंपन्यांनी गल्लोगल्ली फिरून नकाशे तयार केले, आणि २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे ते फोनवर सगळ्यांच्या हाती आले.

तरी मोटारीचा नकाशा हा मोटारीचाच असतो. इरसालगडाच्या अंगावर ठाकर समाजाची इरसालवाडी होती. तिथे गाडीचा रस्ता जातच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली, तेव्हा माती उपसणारी अवजड यंत्रे खालीच थांबली. मदतीला आलेले लोक भर पावसात, अंधारात, पायवाटेने वर गेले. पुढे गावकरी आणि परिसरातले डोंगर हिंडणारे होते. कोणत्याही गाडीतल्या पडद्यावर ती वाट सापडली नसती, कारण ती कोणी विकायच्या नकाशात घातलीच नव्हती.

आता शिक्षकमित्राच्या पन्नास हजारांकडे येऊ. फोनचा नकाशा रोज ताजा होतो. गाडीतला नकाशा मात्र अनेकदा गॅरेजमध्ये नेऊन, किंवा पहिली काही वर्षे झाल्यावर वर्गणी भरून ताजा करावा लागतो. या बाबतीत फोन उघड सरस आहे. शिवाय आता कित्येक साध्या गाड्यांच्या पडद्यावर फोनचाच नकाशा दिसतो. मग कंपनीच्या यंत्राकडे उरते काय? चाके! गाडीला आपली चाके किती फिरली हे नेमके कळते. फोनला ते कळत नाही. उपग्रह दिसेनासे झाले की फोनला आपल्या पोटातल्या त्वरणमापकावर अवलंबून राहावे लागते, नाहीतर वेग बदलला नाही असे गृहीत धरावे लागते.

हिशेब करून पाहू. खोपोली ते कुसगाव या ‘मिसिंग लिंक’साठी जवळजवळ ९ किलोमीटरचा बोगदा खोदला आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने त्याला सुमारे ४०५ सेकंद लागतील. त्वरणमापकात दर सेकंदास ०.०१ मीटर प्रतिसेकंद एवढीच चूक धरली, तरी अंतरातली चूक (त्वरण गुणिले काळाचा वर्ग, भागिले दोन) सुमारे ८२० मीटर होते. चाकांच्या मोजणीत शेकडा एक चूक धरली तर फक्त ९० मीटर. त्यातही गाडी उघड्यावर असताना उपग्रहांशी ताडून आपल्या चाकाचा परीघ सतत सुधारून घेऊ शकते, म्हणजे प्रत्यक्षात चूक याहून कमी. पण हाच हिशेब द्रुतगती मार्गावरच्या भाताण बोगद्याला लावा. तो सुमारे एक किलोमीटरचा, म्हणजे ४५ सेकंदांचा. फोनची चूक जेमतेम १० मीटर! ज्याला पनवेल-चौक-खोपोली एवढेच करायचे आहे, त्याने या गुणासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. अगदी ९ किलोमीटरच्या बोगद्यातही, आत फाटाच नसेल तर आपण नेमके कुठे आहोत हे कळून उपयोग काय? बोगद्यातून बाहेर पडताच फाटा असेल, किंवा घाटात जुना आणि नवा रस्ता शेजारून जात असतील, तिथे मात्र चाकांचे ज्ञान कामाला येते. रोज अशा रस्त्यांवर गाडी घालणाऱ्याने पैसे द्यावेत, पण विक्रेत्याला एकच प्रश्न विचारून: हे यंत्र चाकांची मोजणी वापरते का? पुष्कळदा विक्रेत्याला हे माहीत नसते, आणि तो पडद्याची लांबी-रुंदी सांगू लागतो.

पुढच्या खेपेस आम्ही दोघांनी परीक्षाच घेतली. सरांच्या भाच्याची जुनी गाडी होती, मार्गदर्शक यंत्र कारखान्यातच बसवलेली. माझा फोन समोर ठेवला आणि पनवेलहून द्रुतगती मार्गाने निघालो. भाताण बोगद्यात सुदैवाने पुढे मालट्रकांची रांग होती. गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. फोनवरचा बाण जुन्या वेगाने धावत केव्हाच बोगद्याबाहेर जाऊन थांबला होता. गाडीतला बाण मात्र आमच्याबरोबर थांबत होता, आमच्याबरोबर सरकत होता. सर खूश झाले. खालापूरला उतरून आम्ही जुन्या रस्त्याने चौककडे वळलो, तेव्हा गाडीच्या पडद्यावर रस्त्याचे नाव उमटले: राष्ट्रीय महामार्ग ४. तो क्रमांक २०१० मध्येच बदलून ४८ झाला आहे.