यादीत नसलेली झाडं

न्यू ऑर्लीन्सला गेलात, तर फ्रेंच क्वार्टरमधून रमतगमत नदीकाठी जाता येतं. तिथे उन्नत महामार्ग होणार होता. ऐतिहासिक वस्तीचं नुकसान होईल म्हणून १९६९ मध्ये केंद्र सरकारने तो रद्द केला. शेजारच्या ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मात्र क्लेबोर्न अव्हेन्यूवरचे ओक १९६६ मध्येच तोडले गेले आणि वर महामार्ग आला. त्या झाडांखाली लोक मार्डी ग्रा साजरा करायला जमत. आजही जमतात, पण पुलाखाली. खांबांवर आता ओक रंगवलेत.

रस्त्याचे सांस्कृतिक आणि दृश्य परिणाम तपासताना जे यादीतच नाही, त्याचं नुकसान अहवालात दिसत नाही. तुमच्या शहरात असा अहवाल आला, तर आधी बघा: यादीत फक्त इमारती आहेत, की लोक जमतात ती सावलीही?