अर्थ न बदलता

मुंबईला कंप्युटर शिकणाऱ्या नातीने परवा फोनवर थट्टा केली, "आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर ना? मग कंपायलरच्या ऑप्टिमायझेशन फ्लॅग्जचा इतिहास सांगा बघू!" मी मात्र खरेच वाचायला बसलो.

मंडळी, भोर-वेल्ह्याकडच्या आमच्या पिढीला हे मोडीवरून लवकर कळेल. संस्थानी मोडी कागद बाळबोधीत उतरवणारा लेखनिक असतो ना, तसा कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. शब्दाला शब्द उतरवायचा, की फापटपसारा काढून सुटसुटीत करायचा, हे त्याला सांगणारी खूण म्हणजे फ्लॅग. मात्र इनामाचे बिघे बदलता कामा नयेत!

आयबीएमच्या जॉन बॅकस यांनी १९५४ साली फोरट्रानचे काम हाती घेतले. हाताने लिहिलेल्या प्रोग्रामपेक्षा हा फार संथ चालला, तर कोणी वापरणार नाही, ही त्यांची धास्ती. म्हणून १९५७ च्या पहिल्या कंपायलरातच ऑप्टिमायझेशन आले.

त्याच वर्षी फ्रान्सिस ॲलन नावाची गणिताची शिक्षिका शिक्षणाचे कर्ज फेडण्यापुरती आयबीएममध्ये आली. तिथल्या शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवणे हे तिचे पहिले काम. ती २००२ पर्यंत तिथेच राहिली. अर्थ न बदलता प्रोग्राम कसा सुधारावा, याचे शास्त्र घडवण्यात तिचा मोठा वाटा. २००६ चे ट्युरिंग पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री.

यातली एक युक्ती पाहा. पेपर तपासताना तांबडी शाई प्रत्येक पेपरागणिक ऑफिसातून आणत नाहीत, सुरुवातीलाच आणतात. कंपायलरही पुन्हापुन्हा होणारे तेच काम फेऱ्यांबाहेर काढतो.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा मुक्त कंपायलर आला. त्यात 'ओ-शून्य' म्हणजे जवळजवळ जसेच्या तसे; चुका शोधायला सोयीचे. 'ओ-दोन'ने प्रोग्राम वेगवान होतो, पण भाषांतराला वेळ लागतो. 'ओ-तीन' आणखी खटपट करतो. प्रोग्राम फुगूही शकतो. मुंबई आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल यांनी या विद्येवर काम केले. बागेश्री करकरे यांच्यासह त्यांचे 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे पुस्तक २००९ साली निघाले.

'फास्ट-मॅथ' हा फ्लॅग मात्र जपून लावावा. त्याने दशांश अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलायची मुभा मिळते आणि उत्तरात फरक पडू शकतो. खेळात चालेल, भाटघर धरणाच्या पाण्याचा हिशोब मांडताना आधी उत्तर ताडून पाहावे. कंपायलर मुभेबाहेर जात नाही, पण मुभा देणारे आपणच.

जाणकारांनी भर घालावी.