परसबागेत स्वीट कॉर्न लावताय? एकाच ओळीत लावू नका, दाणे भरणार नाहीत

घरामागे थोडी मोकळी जागा, दिवसभर ऊन आणि पाण्याची सोय असेल तर घरापुरता स्वीट कॉर्न म्हणजेच गोड मका सहज होतो. पेरणीपासून साधारण ७५ ते ८५ दिवसांत कणसं हाती येतात. पण अनेकांची एकच तक्रार असते: झाड डोक्याएवढं वाढलं, कणीसही आलं, सोलून बघितलं तर अर्धे दाणे गायब! खत कमी पडलं असं वाटतं. मात्र बऱ्याचदा चूक लावणीत झालेली असते.

दाणे का भरत नाहीत?
मक्याच्या शेंड्यावरच्या तुऱ्यातून पराग पडतात. कणसाचा एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला, तोच दाणा भरतो. हे काम वाऱ्यावर चालतं. कुंपणाच्या कडेला एकच ओळ लावली, तर बरेच पराग बाहेर उडून जातात.

लावणी अशी करा
• चौकोनी वाफा करा. दोन ओळींत २ फूट, दोन झाडांत १ फूट अंतर ठेवा. किमान ४ ओळी, प्रत्येक ओळीत ५ झाडं असावीत.
• चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. वाफसा आल्यावर एका जागी २ बिया, सुमारे एक इंच खोल टोकून घ्या. उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवा.
• पाणी साचू देऊ नका. पावसाळ्यात गादीवाफा किंवा सरी-वरंबा बरा.
• झाड गुडघ्याएवढं झालं की खत द्या आणि बुंध्याला मातीची भर लावा.
• तुरा आणि केस येताना पाण्याचा ताण अजिबात नको.

झाडं कमीच असतील तर सकाळी तुरे हलक्या हाताने हलवा, पराग कागदावर घ्या आणि केसांवर भुरभुरा. असं तीन-चार दिवस करा.

शेजारी साधा मका आहे का?
साध्या मक्याचे पराग गोड मक्यावर पडले तर त्याच कणसातले दाणे पिठूळ होतात, गोडी जाते. म्हणून दोन्ही मके एकाच वेळी तुऱ्यावर येऊ देऊ नका. पेरणीत किमान तीन आठवड्यांचा फरक ठेवा. वाण लवकर की उशिरा येणारा, हेही विचारून घ्या.

लष्करी अळीवर नजर ठेवा
अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आढळली, तेव्हापासून मक्याची ती मोठी डोकेदुखी आहे. पानांवर खिडक्यांसारखे पांढरट चट्टे, भोकं आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की समजा अळी आली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते. रोज सकाळी पोंगे तपासा, अंडी-अळ्या वेचून नष्ट करा. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. कणसं घरातली मुलंच खाणार आहेत, त्यामुळे मनाने कडक औषध मारू नका; आधी कृषी सहायकाला विचारा.

तोडणी कधी?
केस दिसल्यापासून साधारण १८ ते २४ दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात. तेव्हा कणसाचं टोक थोडं सोलून दाण्यात नख मारा. पाण्यासारखा रस निघाला तर थांबा, दुधासारखा निघाला तर लगेच तोडा. घट्ट पीठ लागलं तर उशीर झाला. तोडल्यावर साखरेचं पिष्ट होऊ लागतं, म्हणून सकाळी तोडा आणि शक्यतो त्याच दिवशी उकडा. सगळी कणसं एकदम नकोत, तर १५ दिवसांनी तेवढाच दुसरा वाफा लावा.

हेही लक्षात ठेवा
• पाकिटातलं रंगीत बियाणं औषध लावलेलं असतं. ते मुलं आणि कोंबड्यांपासून लांब ठेवा, पेरल्यावर हात साबणाने धुवा.
• बाजारातलं बियाणं बहुतेक संकरित असतं. घरचं कणीस बियाण्याला ठेवलं तर पुढे तशीच कणसं येतील याची खात्री नाही.
• कणसं काढल्यावर हिरवी ताटं जनावरांना वैरण म्हणून घाला. रासायनिक फवारणी केली असेल तर औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस संपेपर्यंत कणीसही खाऊ नका, ताटंही घालू नका.