लिनक्सच्या गाभ्यातील दूरध्वनी-जोडणी : एका पाठपरंपरेचा शोध

लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिली. तिचा गाभा, ज्यास ‘कर्नल’ ही संज्ञा रूढ आहे, पूर्वीच्या युनिक्सची संहिता न घेता नव्याने लिहिला गेला, असे सामान्यतः सांगण्यात येते. मूळ भागापुरते हे विधान यथार्थ आहे. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जाळ्यास जोडण्याच्या सोयीबाबत ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

या सोयीचे आद्य रूप म्हणजे ‘स्लिप’. रिक ॲडम्स यांनी १९८४ मध्ये ते बर्कले युनिक्सवर सिद्ध केले. त्याचे लेखी वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२ या मूल्याच्या बाइटने पुडक्याचा शेवट दर्शवावयाचा, एवढाच त्याचा मुख्य नियम. चुकांची तपासणी नाही, पत्त्याविषयी वाटाघाट नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या ‘पीपीपी’ या संकेताचा पहिला मसुदा १९८९ चा असून त्यास जुलै १९९४ मध्ये प्रमाणरूप मिळाले.

तार मंद असल्याने खरी अडचण होती ती पुडक्याच्या शीर्षभागाची. एक अक्षर पाठविण्यास ४० बाइटांचे शीर्ष जोडावे लागे. सेकंदाला २४०० बिट वाहणाऱ्या मोडेमवर त्यासाठी सुमारे एक-षष्ठांश सेकंद खर्ची पडे. व्हॅन जेकबसन यांनी हे शीर्ष बहुधा ३ ते ५ बाइटांवर आणण्याची युक्ती शोधली. लिनक्समध्ये ती अंमलात आणणाऱ्या संहितेच्या आरंभीच्या टिपा वाचल्या असता तिची वंशावळ स्पष्ट होते : १९८९ च्या अखेरची जेकबसन यांची मूळ प्रत, फिल कार्न यांच्या, हौशी रेडिओचालकांत प्रिय झालेल्या ‘केए९क्यू’ या संचासाठी केलेले फेरफार, आणि त्यानंतर लिनक्स. हस्तलिखित पोथीच्या पुष्पिकेचे कार्य येथे या टिपा करतात. त्या टिकून राहिल्या याचे कारणही लक्षणीय आहे. स्वामित्वाची सूचना प्रत्येक प्रतीत कायम ठेवावी, अशी मूळ परवान्याचीच अट होती.

तथापि सर्वच भाग असा उचलून आणणे शक्य नव्हते. बर्कले प्रणालीत पुडके लहान खंडांच्या साखळीत साठविले जाई. लिनक्सने त्यासाठी निराळी रचना योजिली होती. म्हणून पीपीपीचा गाभ्यात वसणारा अंश, म्हणजे चौकट बांधणे व तपासणी-अंक काढणे, लिनक्सपुरता वेगळा लिहावा लागला. उलट ओळख पटविणे व पत्ता ठरविणे ही कामे गाभ्याबाहेरील ‘पीपीपीडी’ या कार्यक्रमाकडे राहिली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील १९८९ च्या लेखनातून निघालेला आणि पुढे ऑस्ट्रेलियात पॉल मॅकेरास यांनी जोपासलेला हा कार्यक्रम अनेक प्रणालींत सामाईक झाला.

जानेवारी २००१ मधील २.४ या आवृत्तीत गाभ्यातील अंशाचीही विभागणी झाली : सर्वसाधारण भाग एका बाजूस, तारेशी निगडित भाग दुसऱ्या बाजूस. त्यामुळे मोडेम मागे पडल्यावरही तोच सर्वसाधारण भाग ब्रॉडबँड जोडणीस उपयोगी पडला.

यावरून असे म्हणता येईल की, ‘नव्याने लिहिलेले’ आणि ‘उसने घेतलेले’ हे द्वंद्व या क्षेत्राच्या इतिहासास अपुरे आहे. कोणता अंश प्रवास करू शकला, कोणता करू शकला नाही आणि का, हा प्रश्न अधिक फलदायी होय; आणि त्याचे उत्तर संस्थापकांच्या चरित्रांपेक्षा संहितेच्या पुष्पिकांत शोधणे इष्ट ठरेल.