तलवारबाजी क्लबसाठी परवडणारे गुणनोंदणी यंत्र : निवड कशी करावी?

तलवारबाजीतील आघात डोळ्यांनी अचूक टिपता येईल इतका संथ नसतो. पात्याचे टोक प्रतिस्पर्ध्याला लागले की नुसते घासून गेले आणि दोघांपैकी कोणाचा आघात आधी झाला, हे ठरवण्यासाठी आज विजेवर चालणाऱ्या गुणनोंदणी यंत्राचा आधार घेतला जातो. लखनौमध्ये गोमतीच्या उत्तरेस असलेल्या अलीगंजसारख्या निवासी वसाहतीत शाळेच्या सभागृहात वर्ग भरवणारा छोटा क्लब असो, वा मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचा; पहिले यंत्र घेताना त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो. हाती असलेल्या मर्यादित रकमेत कोणते यंत्र घ्यावे?

यंत्राशिवाय सराव का अपुरा?

पूर्वी मुख्य पंच आणि चार साहाय्यक पंच आघातांचा निर्णय नजरेने करीत. एपे प्रकारात विजेवरील नोंदणी १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आली. फॉइलमध्ये ती १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आणि सेबरमध्ये १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुरू झाली. त्यामुळे आज तिन्ही प्रकारांत स्पर्धेचा निकाल यंत्राच्या दिव्यांशी बांधलेला आहे.

भारतीय तलवारबाजी महासंघाची स्थापना १९७४ साली झाली. छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात या खेळाचे प्रशिक्षण दिले जाते. मात्र अशा केंद्रांतील साधने गावोगावच्या क्लबांना सहज मिळत नाहीत. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेल्या पहिल्या भारतीय तलवारबाज, चेन्नईच्या सी. ए. भवानीदेवी यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली सेबर प्रकारातील पहिली लढत १५-३ अशी जिंकली. शालेय वयात सराव बांबूच्या काठ्यांनी होत असे आणि विजेची तलवार स्पर्धेपुरती जपून ठेवावी लागे, असे त्यांनी सांगितले आहे. साधनांची टंचाई या खेळात नवी नाही. परंतु यंत्राशिवाय शिकलेल्या खेळाडूला आपला कोणता आघात नोंदला जातो आणि कोणता नाही, हे प्रथम स्पर्धेतच कळते.

यंत्र कसे चालते?

खेळाडूच्या जॅकेटमधून जाणारी बॉडी वायर एका बाजूने शस्त्राला आणि दुसऱ्या बाजूने पिस्टच्या टोकाशी ठेवलेल्या रीलला जोडलेली असते. रीलमधून येणारी तार यंत्रापर्यंत पोहोचते. एका खेळाडूसाठी लाल आणि दुसऱ्यासाठी हिरवा दिवा असतो. फॉइलमध्ये लक्ष्यक्षेत्राबाहेरील आघातासाठी पांढरा दिवा लागतो.

एपेमध्ये टोक दाबले गेले की विद्युत परिपथ पूर्ण होतो. त्यासाठी ७५० ग्रॅमपेक्षा अधिक दाब लागतो आणि संपूर्ण शरीर हे लक्ष्य असते. फॉइलमध्ये याउलट आहे. तेथे परिपथ मुळात पूर्ण असतो व ५०० ग्रॅमपेक्षा अधिक दाबाने तो तुटतो. टोक धातूच्या धाग्यांच्या लामे जॅकेटवर असेल तरच रंगीत दिवा लागतो. सेबरमध्ये दाबाचे टोक नसते. पात्याचा लामे जॅकेटशी किंवा वीजवाहक मास्कशी झालेला संपर्क नोंदला जातो.

या फरकाचा रोजच्या सरावात उपयोग होतो. फॉइलची तार तुटल्यास पांढरा दिवा लागून बिघाड लगेच उघड होतो. एपेची तार तुटली तर दिवा लागतच नाही आणि खेळाडूला वाटते की आपला आघात चुकला. म्हणून एपेच्या प्रत्येक लढतीपूर्वी शस्त्राचे टोक दाबून पाहणे आवश्यक आहे.

किमतीआधी वेळेचे प्रमाण पाहावे

स्वस्त यंत्र निवडताना दिव्यांचा आकार किंवा आवाज यांपेक्षा वेळेचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एपेमध्ये दोन आघातांतील अंतर ४० मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल तर दोन्ही दिवे लागले पाहिजेत. ५० पेक्षा जास्त असेल तर एकच. फॉइलमध्ये टोक सुमारे १४ मिलिसेकंद दाबलेले राहावे लागते आणि पहिल्या आघातानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी प्रतिस्पर्ध्याची नोंद बंद होते. सेबरमध्ये ही मुदत सुमारे १७० मिलिसेकंद आहे.

ही प्रमाणे वेळोवेळी बदलली आहेत. फॉइलमध्ये पूर्वी १ ते ५ मिलिसेकंदांचा संपर्क पुरेसा होता. पाते वाकवून पाठीवर टोक आपटण्याच्या आघातांना आळा घालण्यासाठी २००५च्या सुमारास तो वाढवण्यात आला. सेबरची मुदत त्याच सुमारास १२० मिलिसेकंद करण्यात आली आणि २०१६ साली ती १७० झाली. साहजिकच, जुने यंत्र कमी किमतीत मिळाले तरी ते खेळाडूला चुकीचे शिकवू शकते. क्लबमध्ये दिवा लावणारा निसटता आघात राज्य स्पर्धेत नोंदलाच जात नाही. तेव्हा सध्याची प्रमाणे यंत्रात आहेत की नाहीत, किंवा ती बदलून घेता येतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. केवळ एपे शिकवणाऱ्या क्लबला मात्र या दोन प्रकारांतील बदलांची अडचण येत नाही. त्यांच्यासाठी सुस्थितीतील जुने यंत्र योग्य ठरू शकते.

पेटीपलीकडचा खर्च

यंत्राची पेटी हा खर्चाचा केवळ एक भाग आहे. दोन रील, त्यांना यंत्राशी जोडणाऱ्या दोन तारा, प्रत्येक खेळाडूची बॉडी वायर, विजेची शस्त्रे, तसेच फॉइल आणि सेबरसाठी लामे जॅकेट व मास्कची तार, हे सारे हिशेबात धरावे लागते. तीन शस्त्रांची साधने घेतल्यास खर्च वाढतो. म्हणून नव्या क्लबने एकाच प्रकाराने सुरुवात करणे हिताचे. लामे जॅकेट लागत नसल्याने त्यात एपे सर्वांत स्वस्त पडते.

पिस्टची लांबी १४ मीटर असते आणि रीलमधून २० मीटरपर्यंत तार अडथळ्याविना बाहेर आली पाहिजे. रील परवडत नसल्यास भिंतीवरील कप्पी आणि रबरी दोरी यांच्या साह्याने तार वर ताणून ठेवण्याची पद्धत अनेक क्लब वापरतात. सरावासाठी ती पुरेशी आहे.

इटलीची फेव्हरो, जर्मनीच्या आलस्टार व उलमन आणि ब्रिटनची लिऑन पॉल या परिचित उत्पादक कंपन्या आहेत. परदेशी यंत्र मागवताना वाहतूक, आयात शुल्क आणि दुरुस्तीची सोय यांचा विचार करावा. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता त्याच्या अधिकृत स्पर्धांसाठी लागते. क्लबच्या सरावासाठी त्या मान्यतेचे जादा मोल देण्याची गरज नाही.

तारविरहित यंत्रांमुळे रीलचा खर्च वाचतो. मात्र स्वस्त तारविरहित यंत्रांना एपेमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या शस्त्राच्या वाटीवर झालेला आघात वेगळा ओळखणे कठीण जाते. आर्डुइनो या लहान संगणकीय पट्टीवर आधारित यंत्राचे आराखडे खुले उपलब्ध आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार किंवा जवळचे तंत्रनिकेतन साह्यास असेल तर हा मार्ग कमी खर्चाचा आहे. पण त्यातील वेळेची प्रमाणे तपासून घेतलीच पाहिजेत.

खरेदीपूर्वी तपासणी

यंत्र आपल्या शस्त्रांसह प्रत्यक्ष चालवून पाहावे. दोन्ही बाजूंचे सर्व दिवे लागतात का, शस्त्राच्या वाटीवर टोक दाबल्यास एपेचा दिवा बंद राहतो का आणि तार हलवल्यास दिवा आपोआप लागतो का, हे पाहावे. साध्या मल्टीमीटरने बॉडी वायरच्या प्रत्येक तारेचा रोध मोजता येतो. तो १ ओहमपेक्षा अधिक नसावा. रीलच्या प्रत्येक तारेसाठी ही मर्यादा ३ ओहम, तर लामे जॅकेटवरील कोणत्याही दोन बिंदूंमध्ये ५ ओहम आहे. वीज खंडित होणाऱ्या भागात १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे.

रक्कम अपुरी असेल तर मोठ्या दर्शनी फलकाचा किंवा दूरनियंत्रकाचा खर्च पुढे ढकलावा. वेळ स्टॉपवॉचवर मोजता येते आणि गुण कागदावर मांडता येतात. अचूक वेळप्रमाणाची साधी पेटी, दोन चांगल्या रील आणि काही जादा बॉडी वायर एवढ्या साहित्यावर एक पिस्ट चालू शकते. तेथे शिकणाऱ्या मुलांना स्पर्धेत दिसणारे दिवे मग सरावातही तसेच दिसतील.